काउन्सेलिंगचे एवढे प्रकार आहेत, आपल्याला नक्की कुठला लागू पडतो?

टॉवेलवाला:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज एमआयडीसीत लाइट गेलीय, माग बंद, कामगार बाहेर तंबाखू मळत बसलेत, म्हटलं आता लिहूनच टाकावं.

मी ४४ चा. सोलापुरात अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी छातीत धडधड सुरू झाली, हाताला मुंग्या, घसा आवळल्यासारखा, मला वाटलं संपलं सगळं. बायकोनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल. पुढच्या दोन महिन्यांत असंच अजून तीनदा, तिन्ही वेळा ईसीजी नॉर्मल, शेवटच्या वेळी तर तिथला वॉर्डबॉय "या शेठ" म्हणाला. मग डॉक्टरांनी सांगितलं की हे पॅनिक अटॅक आहेत, काउन्सेलरकडे जा. आता कुठल्या काउन्सेलरकडे, ते काही सांगितलं नाही. मला काय माहिती त्यातपण व्हरायटी असते. मला वाटलं सगळीकडे एकच माल.

तर तीन वर्षांत तिघांकडे गेलो, तिघांची पद्धत एकमेकांशी अजिबात जुळत नाही.

पहिल्या बाई इथल्याच. फार शांत. त्या फक्त ऐकायच्या. मी म्हणायचो मॅडम काय करू सांगा, त्या म्हणायच्या "काय करावं हे कुणीतरी सांगावं असं तुम्हाला फार वाटतंय." अहो वाटतंयच की, म्हणून तर आठशे रुपये देऊन आलो. पाच सेशन झाले, अटॅक चालूच. पण एक सांगतो, तिसऱ्या सेशनला मी रडलो. वडील गेले तेव्हासुद्धा रडलो नव्हतो. का रडलो ते तेव्हा कळलं नाही.

दुसरे सर सीबीटीवाले, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचार आणि वागणं तपासून बदलायची पद्धत. ह्यांनी पहिल्याच दिवशी वही आणायला सांगितली. मी सुताच्या ऑर्डरची जुनी वही नेली, तिच्या मागच्या पानांवर रकाने आखून दिले त्यांनी: कधी झालं, कुठं होतो, मनात काय विचार आला, तो किती टक्के खरा वाटला, त्याचा पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय. "मी मरणार" हा विचार पहिल्यांदा ९५ टक्के खरा वाटलेला लिहिलाय. विरुद्ध पुरावा: चार ईसीजी. मग त्यांनी मला ऑफिसातच जागच्या जागी पळायला लावलं, फिरत्या खुर्चीवर गरागरा फिरवलं, एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला लावला. तीच धडधड, त्याच मुंग्या. म्हणाले बघा, हे आपण मुद्दाम आणलं, मेलात का? आणि मग भीतीची शिडी, सोप्यापासून अवघडापर्यंत. सगळ्यात खालची पायरी बँकेच्या रांगेत उभं राहणं, मग लग्नात हॉलच्या मध्यभागी बसणं, दाराजवळ नाही, मग हुतात्मा एक्सप्रेसनं एकट्यानं पुणे, आणि सगळ्यात वरची पायरी गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर संध्याकाळी सातला, मुलीला पाळण्यात बसवून खाली गर्दीत उभं राहायचं. ते करायला मला जानेवारीची वाट बघावी लागली. केलं. बारा-तेरा सेशनमध्ये अटॅक जवळजवळ थांबले.

मग तिसऱ्याकडे कशाला गेलो ते पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, लाइट आली.

कडकभाकरी:
काय बे हे, एवढे पैसे घालून बोलायलास! पार्क चौकात एक कट चहा मारायला बोलवला असतास तर मी फुकट ऐकलो असतो की.

टॉवेलवाला:
तू ऐकला असतास होय. दोन मिनिटं ऐकून "माझ्या साडूचं पण असंच झालतं" म्हणून चालू झाला असतास.

कडकभाकरी:
😂 बरोबराय. साडूचं खरंच झालतं पण.

समोरची_खुर्ची:
टॉवेलवाले दादा, मी ह्याच क्षेत्रात आहे, म्हणजे तुम्ही ज्या खुर्चीसमोर बसता त्या खुर्चीत बसते. छान लिहिलंत, पण पहिल्या बाईंवर थोडा अन्याय होतोय असं वाटलं म्हणून लिहितेय.

त्या जे करत होत्या ती कार्ल रॉजर्सची पद्धत. ह्या माणसानं १९४० आणि ५० च्या दशकात अमेरिकेत मांडलं की समोरच्याला सल्ला देऊ नका, त्याला "पेशंट"सुद्धा म्हणू नका, "क्लायंट" म्हणा. १९५७ च्या लेखात तर त्यानं सरळ दावा केला की माणूस बदलायला ज्या गोष्टी लागतात त्यातल्या थेरपिस्टकडच्या मुख्य तीनच आहेत, समोरच्याला विनाअट स्वीकारणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, आणि स्वतः आतून-बाहेरून एक असणं, नाटक न करणं. ह्या पुरल्या तर बाकी तो माणूस स्वतः करतो. आता "पुरतात" हे वादग्रस्त आहे, पॅनिकसाठी तर नुसतं ऐकणं बहुतेकदा पुरत नाहीच. पण "लागतात" हे आज जवळपास सगळ्या पद्धतीचे लोक मान्य करतात. तुमचे सीबीटीवाले सरसुद्धा तुम्हाला खुर्चीवर फिरवू शकले कारण तुमचा त्यांच्यावर विश्वास बसला होता. नाहीतर तुम्ही उठून गेला असता.

दुसऱ्या सरांनी जे केलं ते मात्र अगदी पुस्तकी पद्धतीनं बरोबर. पॅनिकमध्ये मुळात होतं काय, की छातीची साधी धडधड होते आणि मन तिचा अर्थ "हार्ट अटॅक" असा लावतं, त्या भीतीनं धडधड अजून वाढते, की मन म्हणतं बघ म्हटलं नव्हतं. हे चक्र डेव्हिड क्लार्क ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये मांडलं. खुर्चीवर फिरवणं, पळवणं हे सगळं त्या चक्राला मुद्दाम हात घालायला.

सिद्धेश्वरपेठ:
ताई सीबीटी आणि आरईबीटी एकच का? माझी बहीण ठाण्याला आरईबीटीचा कोर्स करून आली तेव्हापासून घरात कुणी काही बोललं की म्हणते "तुझ्या वाक्यात 'च' आहे." डोकं उठवलंय.

समोरची_खुर्ची:
हाहा, तुमची बहीण बरोबर शिकून आलीय. सीबीटी आणि आरईबीटीला बहिणी-बहिणी म्हणा, जुळ्या नाहीत.

आरईबीटी, म्हणजे रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी, ही न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसची. सीबीटीचा मुख्य माणूस एरन बेक, फिलाडेल्फियाचा. गंमत म्हणजे दोघंही आधी फ्रॉइडच्या सायकोअ‍ॅनालिसिसमध्ये तयार झालेले आणि दोघंही तिथून बाहेर पडले. एलिसचा वैतागच होता, की वर्षानुवर्षं माणसं कोचावर पडून बालपण आठवतात आणि बरी होत नाहीत. १९५५ च्या सुमारास त्यानं स्वतःची पद्धत सुरू केली. बेकचं वेगळं. तो नैराश्याच्या पेशंटची स्वप्नं तपासत होता, फ्रॉइडचं म्हणणं सिद्ध करायला, की नैराश्य म्हणजे आत वळलेला राग. पण स्वप्नांत राग सापडेना. सापडलं काय तर हरणं, गमावणं, नाकारलं जाणं. तिथून त्याचं लक्ष माणूस स्वतःशी आतल्या आत काय बोलतो तिकडे गेलं. हा बेक १०० वर्षं जगला, २०२१ मध्ये गेला.

फरक रोजच्या भाषेत सांगायचा तर, समजा बॉसनं तुमच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. तुम्ही म्हणता "त्यांचा माझ्यावर राग आहे, आता नोकरी जाणार." बेकचा माणूस विचारेल, पुरावा काय? कदाचित त्यांनी पाहिलंच नसेल. एलिसचा माणूस म्हणेल, चला धरून चालू की राग आहे. मग? सगळ्यांनी तुमच्यावर खूश असलंच पाहिजे हा नियम कुणी केला? तो "च" म्हणजे हाच. इंग्रजीत त्यांना "मस्ट"वर अख्खं लेक्चर द्यावं लागतं, मराठीत एका अक्षरात काम होतं. म्हणून असेल किंवा कसं, आरईबीटी महाराष्ट्रात जेवढी रुजली तेवढी भारतात बाकी कुठे क्वचितच. कि. मो. फडके सरांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती इथे आणली, शिकवली, विवेकनिष्ठ मानसोपचार हे नाव रुळलं. पुढे ठाण्याच्या आयपीएच ह्या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. आनंद नाडकर्णींनी ती लोकांपर्यंत नेली.

एलिस स्वतः तरुणपणी बायकांशी बोलायला घाबरायचा. १९ वर्षांचा असताना त्यानं ठरवलं, न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बाई दिसली की जाऊन बोलायचं. महिन्याभरात शंभर बायकांशी बोलला. एकीनंच भेटायचं कबूल केलं आणि तीपण आली नाही. पण भीती गेली! टॉवेलवाले दादांची गड्डा यात्रा त्याच जातकुळीची.

कडकभाकरी:
शंभरातली एकपण आली नाय 😂 हा आपला माणूस हाय.

शेंगाचटणी:
मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. पण इथे लिहावंसं वाटलं कारण चुकीच्या पद्धतीत माझं दीड वर्ष गेलंय.

मला ओसीडी आहे, म्हणजे तेच नको ते विचार आणि तीच कृती परत परत होण्याचा आजार. हात धुण्याचा. ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आणि घरात एक बाई दिवसाला दोन-तीन तास हात धुतेय. विचार करा. सासूबाई ड्रमवर खडूनं रेघ मारून ठेवायच्या की दुपारी पाणी कुठवर होतं. मी रेघ पुसून खाली मारायची. ती रेघ मारतानाची लाज मी कुणालाच सांगितली नव्हती, आज इथं पहिल्यांदा लिहितेय.

मी ज्यांच्याकडे गेले ते माझ्या लहानपणाबद्दल विचारायचे. आईनं कधी अस्वच्छ म्हटलं का, पाळी आली तेव्हा काय झालं. बोलताना बरं वाटायचं, खरंच वाटायचं. आणि शेवटी मी विचारायची, सर मला काही इन्फेक्शन नाही ना होणार, ते म्हणायचे नाही होणार हो, निश्चिंत रहा. बस, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मस्त. दुसऱ्या दिवशी परत. दीड वर्ष. हात सोलून निघाले, फेब्रुवारीत बोटांना भेगा पडून रक्त यायचं.

मग नणंदेच्या ओळखीनं दुसऱ्या गावच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेले. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, मी तुम्हाला "काही होणार नाही" असं एकदाही म्हणणार नाही, कारण ते म्हणणंसुद्धा तुमच्या आजाराला खायला घालणं आहे. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, ईआरपी. म्हणजे ज्याची घाण वाटते त्याला हात लावायचा आणि धुवायचा नाही. एवढंच. ऐकायला सोपं वाटतं ना? पहिला धडा, ड्रमच्या झाकणाच्या कडीला हात लावायचा आणि नुसतं बसायचं. ती घड्याळ घेऊन समोर. भीती शंभरपैकी किती, दर पाच मिनिटांनी आकडा सांगायचा. ८५, ९०, ९०, ८५... मी रडत होते, तिचा राग येत होता, उठून जावंसं वाटत होतं. चाळीसाव्या मिनिटाला मी ५० म्हटलं आणि मलाच खरं वाटेना. धुतलं नाही आणि तरी कमी झालं! इतकी वर्षं मला वाटायचं की धुतल्यामुळे कमी होतं.

सोबत सायकियाट्रिस्टची गोळीपण चालू होती, तीही लिहायला हवी, नाहीतर लोकांना वाटेल नुसत्या कडीनं बरी झाले. आता दिवसाला पंधरा-वीस मिनिटं. सासूबाई रेघ मारत नाहीत आता.

समोरची_खुर्ची:
शेंगाचटणी ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आणि वाईट वाटलं, कारण हे आमच्या लोकांच्या अज्ञानामुळे होतं. व्हिक्टर मेयरनं ओसीडीवर हा उपाय १९६६ मध्ये छापला होता. त्या आधी ओसीडी म्हणजे जवळपास असाध्यच समजायचे. आणि तुमच्या दुसऱ्या बाईंनी "काही होणार नाही" म्हणायला नकार दिला, तिथेच मला कळलं की ह्यांना काम येतंय.

निरुत्तर:
मग सरळ सांगा ना की सीबीटी-ईआरपी चांगलं आणि बाकी सगळं टाइमपास. फ्रॉइडला अजून कशाला धरून बसायचं? शंभर वर्षं झाली त्याला.

समोरची_खुर्ची:
एवढं सरळ नाहीये हो. १९३६ मध्ये सॉल रोझेन्झ्वाइग नावाच्या माणसानं लिहून ठेवलंय की सगळ्या थेरप्यांचा फायदा साधारण सारखाच दिसतो, म्हणजे बहुतेक जे सगळ्यांत समान आहे तेच काम करतंय. त्यासाठी त्यानं अ‍ॅलिस इन वंडरलँडच्या गोष्टीतला डोडो पक्षी आणला, जो शर्यत संपल्यावर म्हणतो सगळेच जिंकले, सगळ्यांना बक्षीस. तेव्हापासून ह्याला डोडोचा निकाल म्हणतात आणि आमच्यात ह्यावरून अजून भांडणं चालू आहेत. नैराश्यासाठी बऱ्याच पद्धतींचे निकाल खरंच जवळजवळ येतात. पण ओसीडी, फोबिया, पॅनिक इथे भीतीला प्रत्यक्ष सामोरं नेणारी पद्धत पुढे आहे, तिथे डोडोचं मी तरी ऐकत नाही.

आणि एकाच माणसावर वेगवेगळ्या पद्धती कशा दिसतात ते बघायचं असेल तर १९६५ ची एक गाजलेली शैक्षणिक फिल्म आहे, एकच बाई, तिच्याशी आधी रॉजर्स बोलतो, मग गेस्टाल्टवाला, म्हणजे आत्ता इथे काय जाणवतंय त्यावर बोट ठेवणाऱ्या पद्धतीचा, फ्रिट्झ पर्ल्स, मग एलिस. आम्हाला कॉलेजात दाखवली होती. रॉजर्स मवाळ, पर्ल्स तिला चिडवतो अक्षरशः, आणि एलिसच इतका बोलतो की बाईला संधीच कमी.

टॉवेलवाला:
आलो परत. निरुत्तर साहेब, तुमचंच उत्तर देतो, तिसऱ्याकडे का गेलो ते.

अटॅक थांबले म्हटलं ना, सीबीटीवाल्या सरांनी वही चाळताना एक गोष्ट दाखवली होती. अठरापैकी तेरा अटॅक शनिवारी. शनिवारी आमचा बटवडा असतो, कामगारांचा आठवड्याचा पगार. सर म्हणाले पैशाचं टेन्शन असेल, त्यावर काम करू, कॅश आदल्या दिवशी काढून ठेवा. ठेवली. फरक पडला. पण कॅश कपाटात असूनसुद्धा शनिवारी दुपारी माझं तोंड कोरडं पडायचंच. अटॅक नाही, पण एक... काय म्हणतात, सावट.

मग पुण्याच्या एका बाईंशी ऑनलाइन सुरू केलं, त्या सायकोडायनॅमिकवाल्या, म्हणजे मनात दडलेलं जुनं आज कसं डोकावतं ते बोलण्यातून शोधणाऱ्या. फ्रॉइडच्या घराण्यातल्याच पण कोच-बिच नाही. आठवड्यातून एकदा, वर्षभर. वही नाही, शिडी नाही. एकदा मी बोलता बोलता बटवडा म्हटलं आणि त्या म्हणाल्या, हा शब्द तुम्ही प्रत्येक वेळी आवाज खाली करून म्हणता.

माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. मी दहावीत असताना गिरणी बंद पडली, शेवटचे बटवडे झालेच नाहीत. वडील घरात काही बोलले नाहीत. भोंगा वाजायचा बंद झाला तरी हे रोज त्याच वेळेला डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत. आम्हाला वाटायचं युनियनच्या मीटिंगा असतील. एकदा मी शाळा बुडवून सिद्धेश्वर तळ्यावर गेलो तर हे तिथे कट्ट्यावर बसून एकटेच डबा खात होते. भाकरी आणि शेंगाची चटणी. मी झाडामागून बघितलं आणि मागच्या मागे गेलो. त्यांना सांगितलं नाही, आईला नाही, बायकोलाही नाही. तीस वर्षांनी पहिल्यांदा त्या बाईंना सांगितलं, लॅपटॉपसमोर, कारखान्याच्या ऑफिसात, बाहेर मागांचा खडखडाट.

पहिल्या बाईंकडे का रडलो तेपण तेव्हा कळलं. त्या दिवशी त्यांनी फक्त एवढंच म्हटलं होतं, "तुम्ही हे सगळं एकट्यानं ओढताय."

आता मला विचाराल की सायकोडायनॅमिकनं अटॅक थांबले असते का, तर मला नाही वाटत, किंवा दोन वर्षं लागली असती आणि तोवर मी दुकान बंद केलं असतं. पण नुसत्या सीबीटीवर थांबलो असतो तर शनिवार तसाच राहिला असता. आमच्या धंद्यात टेरीला ताण्याच्या सुताचे दोन बीम, म्हणजे रोळ लागतात, एक ताठ, एक सैल. सैल बीम नसेल तर टॉवेलला लूप येत नाही, साधं कापड होतं. बस एवढंच डोक्यात आलं, फार तत्त्वज्ञान नको.

कडकभाकरी:
भावा... काय बोलू कळंना. चहा माझ्याकडून. साडूचं नाव काढणार नाय.

पद्मा_भवानीपेठ:
एक वेगळा प्रश्न. आमच्या घरी तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. मी जिच्याकडे जायची ती मराठी, चांगली होती, पण मला राग मराठीत सांगता यायचा आणि रडू आलं की शब्द तेलुगूच यायचे. मग मी मनात भाषांतर करून सांगायची आणि भाषांतर होईपर्यंत रडू निघून जायचं. हे कुठल्या पद्धतीत बसतं?

दुसरं म्हणजे तिचं सगळं "तुम्ही तुमच्या सीमा आखा, नाही म्हणायला शिका" असं असायचं. दोन खोल्यांत सात माणसं, आजेसासू अजून बिड्या वळतात, त्यांची तंबाखूची पाटी आणि माझ्या मुलाचा अभ्यास एकाच खोलीत. सीमा कुठं आखू, फरशीवर?

समोरची_खुर्ची:
पद्मा ताई, भाषेचं तुम्ही फार नेमकं सांगितलंत. पुढच्या वेळी सरळ तेलुगूत बोला, तिला कळलं नाही तरी चालेल, आधी बोला, अर्थ मागून सांगा. मी माझ्या कन्नड बोलणाऱ्या क्लायंटना हेच सांगते.

सीमांचं म्हणाल तर बहुतेक थेरप्या एकट्या माणसाला धरून तयार झाल्या, व्हिएन्नात नाहीतर अमेरिकेत, जिथे माणूस एकटा दवाखान्यात येतो आणि एकटा घरी जातो. फॅमिली थेरपीवाले म्हणतात, पेशंट म्हणून जिला पुढे केलंय ती फक्त घरातला ताण अंगावर घेणारी असते, तेव्हा सगळ्यांना बोलवा. आपल्याकडे हे काही नवीन नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर ह्यांनी नातेवाइकांना पेशंटसोबत आवारात तंबू ठोकून राहू दिलं होतं, आणि माणसं लवकर बरी होऊन घरी जायची. तुमच्या केसमध्ये नवऱ्याला आणि शक्य असेल तर सासूबाईंना दोन सेशनला आणा. आजेसासूंना राहू द्या.

पद्मा_भवानीपेठ:
आजेसासूच यायला तयार होतील उलट, गप्पा मारायला 😄 नवऱ्याचंच अवघड आहे.

हुरडापार्टी:
ह्यापेक्षा विपश्यना का नाही? दहा दिवस, फुकट. किंवा नामस्मरण. आपल्याकडे सगळं होतं की आधीपासून.

समोरची_खुर्ची:
होतंच की, आणि ते त्यांनीही घेतलंय. जॉन काबट-झिननं १९७९ मध्ये अमेरिकेत एका हॉस्पिटलात ध्यानावर आधारित काही आठवड्यांचा कोर्स सुरू केला. नंतर ते सीबीटीला जोडलं गेलं, मुख्यतः ज्यांचं नैराश्य परत परत उलटतं त्यांच्यासाठी. स्टीव्हन हेजची एसीटी (अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) म्हणून पद्धत आहे, ती म्हणते विचाराशी भांडूच नका, तो आला, बसला, जाईल, तुम्ही तुमचं काम करा. आमची आजी जात्यावर बसून हेच करायची बहुतेक.

पण ज्याचा त्रास आत्ता ऐन भरात आहे, झोप नाही, भास होतात, जीव नकोसा झालाय, त्यानं एकदम दहा दिवस मौनात जाऊन बसू नये, आधी डॉक्टर. आणि जीव नकोसा झाला असेल तर हा धागा वाचत पद्धत निवडत बसू नका, १४४१६ ला फोन लावा. टेली मानस, सरकारी, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात.

निरुत्तर:
माझा अजून एक मुद्दा राहिलाच. डिग्री कशी ओळखायची? आमच्या गल्लीत एकानं तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून "माइंड कोच" पाटी लावलीय, आधी तो मोबाइल रिचार्ज करायचा.

समोरची_खुर्ची:
थोडक्यात: सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर, गोळ्या तोच देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नंबर मागा, लाजू नका. बाकी एमए होऊन काउन्सेलिंग करणारे चांगलेही असतात, तेव्हा विचारा की कुठल्या पद्धतीत ट्रेनिंग घेतलंय, आणि तुमच्या केसेसवर सीनियर कोण बघतं. जो म्हणेल "मी सगळंच करतो" त्याला अजून दोन प्रश्न विचारा.

पण डिग्रीवालाच पाहिजे असंही नाही, हे पण ऐका. गोव्यात संगाथ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या शिकवून तयार केलेल्या माणसांकडून, मानसशास्त्राची डिग्री नसलेल्यांकडून, तीव्र नैराश्यावर सहा ते आठ भेटींची थेरपी करून घेतली आणि ती नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरली, लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पद्धत होती बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन. म्हणजे मूड यायची वाट न बघता आधी उठून छोटं काम करायचं, अंगण झाडणं, शेजारणीकडे जाणं, मूड मागून येतो. फरक एवढाच की त्या माणसांना नीट शिकवलं होतं आणि त्यांच्या कामावर सतत लक्ष होतं. तुमच्या रिचार्जवाल्यावर कुणाचं आहे?

चौथा_अटेम्प्ट:
सगळा धागा वाचला. मी एमपीएससी करतोय, जुळे सोलापूरला अभ्यासिकेत असतो. पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो आणि मी मोबाइल घेतो, मग रात्री स्वतःला शिव्या. तीन महिने झाले. मला कुठली पद्धत?

समोरची_खुर्ची:
न बघता सांगणं बरोबर नाही, पण सीबीटी किंवा आरईबीटीवाल्याकडून सुरुवात करायला हरकत नाही. झोप-जेवण कसंय तेही त्यांना सांग. आणि पहिल्या भेटीत विचार की साधारण किती सेशन, आणि फरक पडतोय की नाही ते आपण कसं मोजणार.

टॉवेलवाला:
आणि चार सेशननंतर जमत नाही वाटलं तर तोंडावर सांग की जमत नाहीये. मी पहिल्या बाईंना न सांगताच जाणं बंद केलं, त्यांचे दोन फोनपण उचलले नाहीत. मागच्या महिन्यात नव्या पेठेत दिसल्या तर मी दुकानात शिरलो, साड्यांच्या. सांगायला पाहिजे होतं.

चौथा_अटेम्प्ट:
ओके. इथल्याच एका मॅडमना फोन केला. मंगळवार म्हणाल्या.

शेंगाचटणी:
तुमच्या भागात मंगळवारी पाणी येणार ना? परवा पेपरात होतं.

चौथा_अटेम्प्ट:
अरे हो! मोटर मलाच लावायची असते.

चौथा_अटेम्प्ट:
बदलून घेतलं, बुधवार साडेपाच. आईनं विचारलं कुठं चाललास, पहिल्यांदा वाटलं अभ्यासिका म्हणावं, पण सांगितलं खरं काय ते. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, बरं, येताना कोथिंबीर आण.